सतरावी रांग

देवास नाक्याच्या गोदामात स्कॅनर आले
त्या दिवशी माझी पेन्सिल
कानावरून खाली उतरली.
एकवीस वर्षं तिथंच होती.

शिकवायला दानिश, खजराण्याचा,
माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान.
"हिर्लेकर साब, टेंशन नी लेने का.
हा ट्रिगर. लाल रेघ दिसली?
सगळ्या रेघांना आडवी छेदून जाऊ द्या."
मी दाबला. टूं वाजलं.
तेलाचा एक डबा
मला न विचारता मोजला गेला.

मग शब्द आले,
लग्नघरी पाव्हणे उतरावेत तसे,
कोण कुणाचं, काही कळेना.
ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छताला चिकटलेली पांढरी थाळी
हिरवा डोळा मिचकावणारी.
हँडशेक, म्हणजे यंत्र आणि थाळी आधी विचारतात
"कोण?"
"मी."
"मी म्हणजे कोण?"
खूण पटली की मगच पुढचं बोलणं.
रामबागेत आमच्या दाराआड अजून हीच रीत आहे.

रोमिंग म्हणजे चालता चालता
एका थाळीचा हात सोडून दुसरीचा धरायचा,
मधे कुठे पडायचं नाही.
"आणि पडलं तर?"
"ड्रॉप म्हणतात त्याला."
लेक आधी जबलपूरला, मग पुण्याला, आता डब्लिनला.
मी पुढे काही विचारलं नाही.

दानिश मीटर घेऊन रांगा फिरला,
मी मागून, जुना माणूस म्हणून.
उणे पंचावन्न. उणे साठ.
उणे जेवढं लहान तेवढं चांगलं, म्हणाला.
ते मला कुणी सांगायला नको होतं.
सतराव्या रांगेत, डब्यांच्या भिंतीआड
उणे एक्याण्णव,
मग काहीच नाही.
"डेड झोन. पत्रा लाट परतवतो,
तेल उरलेली पिऊन टाकतं."

नाव मला ठाऊक नव्हतं, जागा ठाऊक होती.
गेंदालाल इथे बसून डबा खातो,
मुकादमाचा फोन लागू नये म्हणून.
पॅकिंगच्या रेशमबाई, नवरा गेला त्या महिन्यात,
रोज सव्वाचारला इथे उभ्या असायच्या
डब्यांकडे तोंड करून.
आम्ही तेवढा वेळ सोळावी रांग मोजायचो,
सावकाश, पुन्हा पहिल्यापासून.
मीही आलोय इथे.
"बाबा, आता परत यायचं काही नक्की नाही,"
हा निरोप वाचला त्या दुपारी.

शनिवारी शिडी आली. चौथी थाळी लागली.
उणे अठ्ठेचाळीस.
गेंदालालच्या कमरेचं यंत्र
पहिल्याच घासाला ओरडलं:
रांग चार, बारा खोके, ताबडतोब.

त्याच दिवशी एक खोका वाचेना.
लेबल धड, रेघा ठळक, तरी टूं नाही.
दानिशनं नखानं खरवडून दाखवलं,
कुणीतरी काळी पट्टी अगदी रेघांना भिडवून लावलेली.
"दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, साब.
क्वाएट झोन.
ती नसली तर यंत्राला कळतच नाही
कुठे सुरू झालं, कुठे संपलं."
"किती लागते?"
"सगळ्यात बारीक रेघेच्या दहापट. फार नाही."

फार नाही.
वहीत लिहून घेतलं.
खोक्याचे आकडे हातानं टाकले, त्यात एक चुकला,
शेवटचा आकडा लगेच नाही म्हणाला.
तो चेक डिजिट, बाकीच्यांची साक्ष काढणारा.
आमच्या घरात असा एक होता, थोरला भाऊ.

सोमवारी रजिस्टरात कारण लिहिलं:
माल जड, पाठीला त्रास, जागा बदल.
तेलाचे डबे विसाव्या रांगेत नेले,
गेंदालाल आणि मी, तीन थर,
मधे एक माणूस उभा राहील एवढी फट.
मीटर माझ्याजवळ नव्हता.
यंत्र छातीशी धरून आत गेलो.
दोन कांड्या. एक.
मग छोटीशी फुली.

रेशमबाईंना अजून सांगितलेलं नाही.
आत्ता चार वाजताहेत.