पेट

पहिल्याच दिवशी बसवाला मला म्हणाला, पेट.
मी दचकले. मुठीत नाणी, खांद्यावर पिशवी,
आणि हा लालबुंद गालांचा माणूस
न्यूकॅसलच्या पावसात, शुद्ध मराठीत
मला आज्ञा सोडतोय.

मग दवाखान्यातल्या खिडकीतली बाई:
इथे सही कर, पेट.
मग पोस्टात, मग भाजीवाला,
मग वॉर्डातली मोठी सिस्टर, चष्म्यावरून बघत.
चार दिवसांत अख्ख्या गावाला कळलं की काय
मी आतून किती ओली आहे ते?

भावाला फोनवर सांगितलं.
प्रेमाचा शब्द आहे तो तिकडचा, म्हणाला,
आणि तू कसली पेटतेस,
तुला इचलकरंजीतसुद्धा पेटायला वेळच लागायचा.

इथे बेसिनला दोन नळ.
एकातून चटका, एकातून बर्फ,
मधलं काही असेल
तर ते आपल्या ओंजळीत करून घ्यायचं.
खिडक्यांना गज नाहीत.
दिवेलागण म्हणावं, तर दिवे सकाळपासूनच लागलेले.
समोरून येणारा विचारतो, ऑल राइट?
मी गुडघ्यापासून सुरुवात करते,
झोपेपर्यंत येते,
तोवर तो कोपऱ्यावरून वळलेला असतो.

पंधरा नंबरची डोरीन
दर मंगळवारी रात्री माझी निळी कचरापेटी
न विचारता ओढत रस्त्यावर नेते.
चाकांचा आवाज येतो,
मी पडदा सारेपर्यंत तिचं दार बंद.
तीन आठवडे झाले. आम्ही बोललोय ते एवढंच.

वॉर्डात सहाव्या खाटेवरचे आजोबा,
जन्मभर जहाजांच्या पत्र्यांना वेल्डिंग केलेले.
नाडी बघायला मनगट धरलं,
तर तेच शहारले:
काय गारठलेत गं हात तुझे, पेट.

शुक्रवारी रात्री गॅस संपला.
म्हणजे जिन्याखालच्या मीटरमधले पैसे संपले,
इथे उष्णताही मोबाइलसारखी रिचार्ज करायची.
कार्ड घेऊन शील्ड्स रोडवर तन्वीरच्या दुकानात.
आई त्याची सिल्हेटची, जीभ त्याची टाइन नदीची.
किती टाकू, पेट?
दहा, म्हटलं.
त्याने वर एक लिंबू दिलं. का, कोण जाणे.

घरी येऊन, कोटासकट, बॉयलरपुढे उकिडवी बसले.
बटण दाबलं. टक् टक् टक्.
परत दाबलं. टक् टक्.

बाबा असेच बसायचे, परसात,
बंबापुढे, पहाटे पाचला,
यंत्रमागाच्या कारखान्यातला सुताचा गुंता,
वर दोन करवंट्या, थेंबभर रॉकेल,
डोळ्यांत धूर गेलेला, तरी आवाज चढलेला नाही:
पेट की लेका. पेट.
पोरीला सातला कॉलेज आहे.

तांब्याच्या भांड्याशी कुणी असं बोलतं का?
बोलायचे.
आणि आता आठवून बघते, तर
बसवाल्याचा सूर
हुबेहूब तोच होता.

पेट की, मी म्हटलं.
मोठ्याने. रिकाम्या स्वयंपाकघरात.
टक् टक्, आणि मग त्या छोट्या काचेमागे
नखाएवढी निळी ज्योत
थरथरत उभी राहिली.

बाबांना सांगायला फोन उचलला.
तिकडे अडीच वाजलेले. ठेवून दिला.
सांगूनही काय, बंब केव्हाच मोडीत गेला,
आता तिथे गीझर आहे.

लिंबू टेबलावर.
रेडिएटरच्या नळ्या कुरकुरत ऊन व्हायला लागल्या.
दहा पौंडांत किती दिवस निघतात
ते बघायचं.