आडनाव माहीत नाही

देणगीचा अर्ज चार पानांचा.
तिसऱ्या पानावर: संशोधनवृत्ती कोणाच्या नावे?
व्यंकटेश येमूल, टॉवेलवाले, अक्कलकोट रोड,
बाहीवरचा कापसाचा भुरा फुंकत म्हणाले,
शेवंता.

पुढे?
पुढचं माहीत नाही.

एकवीस वर्षं मी हे अर्ज भरते.
इथे नावं येतात ती कैलासवासीपासून सुरू होतात
आणि पदव्या संपेपर्यंत संपत नाहीत.
संगणक तर आडनावाशिवाय
पुढचं पान उघडत नाही.

चहा नको म्हणाले. मग घेतला.

एकोणऐंशी साली ते एम.ए.ला होते, मध्ययुगीन इतिहास.
सीनेकाठच्या गावात शिलालेख आहे असं ऐकून निघाले,
खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे.
शिळा सापडली घाटावर.
तिच्यावर एक बाई गोधडी आपटत होती.
"दगड माझ्या सासूचा हाय. वाचायचा तर धुणं हू दे."

दुपारी, दगड वाळल्यावर,
तिनंच ओंजळभर ज्वारीचं पीठ आणलं
आणि भाकरी थापावी तसं हातानं फिरवलं.
अक्षरं वर आली, तान्ह्याचे दात यावेत तशी.
चंद्र, सूर्य. अमुक निवर्तनं जमीन. देवाच्या दिव्याला तेल.
जो हे मोडील त्याला...
खाली कोरलेलं गाढव बघून ती पदराआड हसली.

देणाऱ्याचं नाव नव्हतं.
नेमका तिथेच धुण्याचा खळगा,
तिच्या सासूचा, सासूच्या सासूचा.

"आमच्या हातनं गेलं व्हय," ती म्हणाली,
"मग त्या जागी माझंच लिव्ह की. शेवंता."

लिहायचं राहिलं.
त्याच महिन्यात वडिलांचे डोळे गेले,
घरात दोन माग, आणि चालवणारे हे एकटे.
"चाळीस वर्षं मग लोकांची अंगं पुसली," म्हणाले,
आणि बशीतला उरलेला घोट घेतला.

अटी त्यांनी तोंडी सांगितल्या.
पंचावन्न टक्केवाल्याला द्या, वरच्यांना देणारे पुष्कळ आहेत.
एसटीचं भाडं आधी द्या.
मागून दिलं तर पोरगं जाणारच नाही.

ते गेल्यावर आडनावाच्या रकान्यात
मी एक टिंब दिलं.
संगणकानं मुकाट्यानं घेतलं.

यंदा पहिली वृत्ती मोहोळच्या शबाना कोरबूला.
तिचा हिशेब माझ्या टेबलावर आलाय:
एसटी, जाऊन-येऊन, तीन वेळा.
ट्रेसिंग कागद.
ज्वारीचं पीठ पाव किलो, पावती नाही.
लेखाविभागानं पिठाभोवती लाल गोल काढलाय.

मी खाली शेरा लिहिला:
देणगीदाराच्या अटीस धरून.
सही केली. शिक्का मारला.

अशी अट कुठेच नाही.