दोन किलो जास्त

विमान पहाटे साडेचारचं,
आणि आम्ही आदल्या दिवशी सकाळीच वास्कोत.
गडहिंग्लजची माणसं, दुसरं काय,
एस.टी.च्या आधी तासभर स्टँडवर जाऊन बसणारी.

फिलोमेना बाईंनी खोलीची किल्ली दिली,
आमच्या बॅगा मोजल्या डोळ्यांनीच.
"घरच उखलून हाडलां मगो!"
खोटं नव्हतं ते.

खिडकीच्या कठड्यावर कोळशाची बारीक काळी पूड.
शर्वाणीनं बोटानं तिच्यात आपलं नाव लिहिलं,
खाली पत्ता: मस्कत.
तिकडचं घर अजून आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.

पलीकडे बंदर. क्रेन माना वाकवून उभ्या.
जयवंत त्यांच्याकडे बघत राहिला
मुलगी बघायला आल्यासारखा, जरा चोरून.
परवापासून अशाच एकीच्या पोटात शिरून
त्याला ग्रीस लावायचंय.

"हेच का परदेश?" नचू विचारतो.
"नाही रे, हे आपलंच."
"मग ह्या काकू असं का बोलतात?"
"तेही आपलंच."
हिरमुसला.
पण पुढ्यात रस ऑम्लेट आलं, गरम पोई आली,
तेव्हा ओठ पुसत म्हणाला, "चालेल. मग इथेच राहू."

दुपारी बायण्याच्या वाळूवर.
ऊन असं, की सगळ्यांच्या सावल्या पायांखाली घुसलेल्या.
जयवंत पाण्यावर उताणा पडला.
अकरा वर्षांच्या संसारात
हा माणूस मी रिकामा पाहिला नव्हता.
स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरून
यानं जनरेटर दुरुस्त केला होता.
आता पोट आभाळाकडे, कान समुद्रात,
हाक मारली तरी ऐकू न येण्याची चैन.
मी हाक मारली नाही.

चार पासपोर्ट पोटाशी बांधून
मी कोरड्या वाळूवर बसलेले, राखणदार.
मग घोट्यापर्यंत गेले.
मग गुडघ्यापर्यंत, साडी आवळून.
मग परत आले, शर्वाणीला म्हटलं,
"धर गं, हलू नकोस इथून,"
आणि गेले.
किती वेळ ते विचारू नका.
घड्याळही तिच्याकडेच होतं.

संध्याकाळी सुक्या मासळीच्या दुकानात
बांगड्यांच्या काट्यावर आमची मोठी बॅग.
"बत्तीस," दुकानदार म्हणाला.
परवानगी तीसची.
तिथेच, खाऱ्या वासात, रस्त्यावर बॅग उघडली.
काय काढायचं?
त्याचे बूट नाही, पोरांची पुस्तकं नाहीत,
चटणीच्या डब्याकडे तर मी कुणाला बघूही दिलं नाही.
निघाला शेवटी खलबत्ता.
काळ्या दगडाचा, माझ्या आईचा,
तळाशी जरा घासलेला, कलता.
"मस्कतला मिक्सर आहे," जयवंत हळूच म्हणाला.
माहीत होतं मला.

फिलोमेना बाईंनी ओट्यावरची बरणी सरकवली.
"दवर हांगा. येतना व्हर."
येतना.
किती सहज ठेवला तिनं तो शब्द,
खलबत्त्याच्या शेजारी, मिठाच्या अलीकडे.
माझ्या डोक्यात सकाळपासून
फक्त जाताना होतं.

रात्री एकचा गजर लावला आणि कुणी झोपलं नाही,
नचू सोडून.
बंदरात एका जहाजानं भोंगा दिला, लांब,
मग गप्प झालं.
जयवंतच्या केसांत अजून वाळू होती,
उशीवर कुरकुरत होती.

आता इथे दीड महिना झाला.
काल त्यांचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड केलेला:
"हांवें तुज्या खलबत्त्यांत मिरीं कुटलीं.
राग येवचो ना मगो?"
मागे कुणाचा तरी रेडिओ, भांडी,
आणि ठक्, ठक्,
मध्येच एक ठोका हुकलेला.

मी लिहिलं: कुटा, कुटा.
फक्त डाव्या हातानं घट्ट धरा.
कलतो तो.