नववा ठोका

निंगव्वाचा टीव्ही दिसतो, बोलत नाही.
रुद्राप्पानं तो पोटाशी धरून आणला वडगावाहून,
मागच्या जाळीत सुताची लव, रेशमाचा लाल तुकडा
आणि वाळलेली एक पाल.
"चित्र झकास. आवाजच येईना झालाय बघ."

मेंदूचा एवढाच कोपरा जळालेला,
जिथून आवाजाला हुकूम सुटायचा.
आवाजाची चिप शाबूत, वीस पायांची, गोमेसारखी.
वीज आली की ती पहिल्यांदा तोंड मिटते.
घडवणाऱ्यानंच तसं ठरवलंय,
कुणी सांगेपर्यंत गप्प.

सांगायला दोन तारा.
एकीवर ठोके, दुसरीवर मजकूर.
दोन्ही वर ताणून धरलेल्या, मागावरच्या ताण्यासारख्या,
तांबूस पट्ट्यांच्या दोन रोधांनी.
बोलायचं तर खाली ओढायचं,
सोडलं की तार आपली वर.
वर ढकलायची मुभा कुणालाच नाही.

मी माझं छोटं बोर्ड जोडलं, पत्ता दिला:
एक, पाच शून्य, पुन्हा एक.
शेवटी अजून एक शून्य, म्हणजे मी सांगतो, तू ऐक.
या चिपला दुसरं काही येतच नाही.
आठ ठोके झाले की मी तार सोडून देतो
आणि नवव्याला बघत बसतो,
ती ओढते का खाली.

मामा गोष्ट सांगायचा तेव्हा
'हूं' म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही.
आम्हाला डुलकी लागली की राजा तसाच
मलप्रभेत उभा, पाणी गळ्याशी.

तीन दिवस हूं नाही.
चौथ्या दिवशी कळलं, मजकुराच्या तारेला
रोध लावायलाच मी विसरलो होतो.
लावला. नवव्या ठोक्याला
स्कोपवर एक खड्डा पडला, बोटभर,
आणि मी दुकानात एकटाच म्हणालो, बोला राजे.

डावा कान, उजवा कान, खर्ज, टीप.
दोन भाषांसाठी दोन वेगळ्या वाटाही आहेत तिच्यात,
इकडं कधी कुणी वापरल्या नाहीत.
आमच्याकडं एकाच वाटेनं दोन्ही येतात.
शेवटी मुकेपणाचा बिट पुसला.
हवामानाची बातमी कन्नडमधून, खणखणीत.

घरी नेऊन लावला तर पुन्हा मुका.
मी आलो, चालू. मी गेलो, बंद.
शेवटी तिथंच चहा घेत बसलो
तेव्हा दिसलं: भिंतीपलीकडं माग सुरू झाला
की दिवा डोळा मिटतो क्षणभर,
तेवढ्यात चिप सगळं विसरून
जन्मल्यासारखी गप्प.
माझ्या बोर्डाला पत्ताच नाही.
एकदा सांगितलं, झालं, असं त्याला वाटतं.

मग चार ओळी बदलल्या.
आता दर सेकंदाला तेच ते,
डावा, उजवा, खर्ज, टीप, बोल.
दर सेकंदाला 'हूं'.

रुद्राप्पा म्हणाला, आव्वाशी पण असंच बोलावं लागतंय.
चाळीस वर्षं मागाजवळ. बारीक आवाज गेले आधी,
पैंजण, पाखरं, शिट्टी येणारा कुकर.
जाड आवाज आहेत अजून.
मी खर्ज उतरवला, टीप नेली शेवटच्या पायरीवर.
रुद्राप्पानं कानात बोटं घातली.
"काय करूलास रे, दात शिवशिवूलेत."

निंगव्वा बोटावर सूत गुंडाळत बसलेली,
नजर पडद्यावर, सवयीनं.
मालिकेत कुणीतरी सायकलवरून आलं,
घंटी वाजवली.

ती उठली.
सूत मांडीवरून घरंगळत गेलं पलंगाखाली.
दाराशी जाऊन कडी काढली,
"यार बंदार?"

बाहेर कुणी नव्हतं.
पलीकडं माग सुरू झाला, दिव्यानं डोळा मिटला,
ती उंबऱ्यात उभीच, कोण आलं ते बघत,
आणि मागं टीव्ही एक सेकंद गप्प राहून
पुन्हा बोलू लागला.