घटतं माप

सकाळचे साडेसहा. खाली टे नदीवर अजून दिवे.
तळघरात मी शिशाचं झाकण दोन्ही हातांनी उचलते,
कंबरेतून नाही, गुडघ्यांतून,
इशबेलनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
आत जर्मेनियमचं नळकांडं,
लोणच्याच्या बरणीएवढं, गुळगुळीत, मुकं.

स्कॅनरचा रोजचा पहिला पेशंट हाच.
उपाशीपोटी या म्हणून पत्र नाही,
श्वास रोखा म्हणावं लागत नाही.
मी काचेमागे. काचेतही शिसं आहे,
त्यामुळे पलीकडचं सगळं किंचित पिवळं.

अप्पा वजनमापं खात्यात होते, बार्शीच्या पेठेत.
लोखंडी किलोच्या पोटात भोक असतं,
त्यात शिसं ओततात, शिशावर सरकारी शिक्का.
कुणी ते कोरून काढलं असलं
तर अप्पांच्या तळहाताला कळायचं, तराजूच्या आधी.
मी इथं नोकरीला लागले तेव्हा गावाचं नाव ऐकून म्हणाले,
"डंडी? म्हणजे दांडी तिथंही मारतात!"

त्यांना एकदा फोनवर सांगितलं,
आमचं माप रोज घटतं, अप्पा,
दोनशे एकाहत्तर दिवसांत निम्मं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग, "आणि जप्त करत नाहीत?"
नाही. आज किती उरलं असेल ते तक्त्यात आधीच असतं.
घटतं, पण लबाडीनं नाही.

हे नळकांडं आता फारच क्षीण झालंय.
नऊ वाजता फर्गस व्हॅन घेऊन येईल,
नवं देईल, जुनं नेईल,
पिवळ्या लेबलावर मी सही करीन
आणि शिल्लक लिहीन, दशांशासकट.

मागच्या रविवारी अप्पांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं.
मी सांगितलं.
त्यांनी तोच विनोद केला
आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसले.
त्यांचा तक्ता कुणाकडे नाही.

सव्वाआठला मिसेस गेडीज आल्या, कोट अंगातच.
वजन विचारलं, डोस त्यावरच ठरतो.
त्यांनी स्टोनमध्ये सांगितलं, झटकन, पाठ असल्यासारखं.
मग कोटाचं बटण काढता काढता थांबल्या.
"हे मागच्या उन्हाळ्यातलं आहे, बाळा."

मी काटा पुढे ओढला.
आधी शून्य बघून घेतलं.