सतरावा बार

बार म्हणजे गाण्यातला. हे आधीच सांगतो,
कारण बांदोड्याच्या माणसानं पणजीत बार म्हटलं
की लोक घड्याळाकडे बघतात.

दिल्लीहून पत्र आलं होतं:
प्रत्यक्ष वादनासाठी राष्ट्रीय सन्मान, वाद्यवृंद गट.
जेनोव्हेवानं ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं.
चाळीस वर्षं लग्नं, फेस्तं, हॉटेलांचे स्विमिंग पूल,
बोटीवर उलट्या आवरत वाजवलेले वॉल्ट्झ,
आणि आता म्हणे देशाला ऐकू आलं.

दुपारी कानात तार घातलेला एक मुलगा आला.
"काका, दोन मिनिटं चाळीस सेकंद.
आवाज पेनड्राइव्हवर आहे.
तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करा."
मिनिननं ट्रंपेटमधली थुंकी गालिच्यावर झटकली.
"प्रत्यक्ष वादनाचं बक्षीस ना हे?"
"हो ना," मुलगा म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

ते रेकॉर्डिंग नऊ वर्षांपूर्वीचं, मडगावचं,
मिनिनचे पुढचे दात होते तेव्हाचं.
ड्रमवर आल्सिदिस.
आल्सिदिस आता राय गावात, चर्चच्या मागे,
भिंतीकडून तिसरा.
त्याच्या जागी जोवेल बसला, एकोणीस वर्षांचा,
काठ्या कातड्यापासून बोटभर वर धरून,
झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा.

दिवे लागले. मंत्री बसले. निवेदिकेनं
माझ्या शाणूचं शान केलं, तेही हिंदीतलं.
बेस गिटारची वायर कुठेच जोडलेली नव्हती,
तिचं टोक माझ्या बुटाखाली, मेल्या घोणशीसारखं.
गाणं सुरू झालं. आम्ही हललो.
सोळा बार बरे गेले.

सतराव्यात मी चुकलो होतो, तेव्हा, मडगावला.
बोट एक पडदा पुढं पडलं,
आणि आल्सिदिसनं मानसुद्धा वर न करता
झांजेवर एक जास्तीचा फटका मारला होता,
जसं पाहुण्यांसमोर कुणी
भावाच्या फाटक्या सदऱ्यावर सहज हात ठेवावा.
नंतर कुणी काही बोललं नाही.
फेणीचा पेला माझ्याकडे सरकवताना त्यानं
एक डोळा बारीक केला, बस.

आता भरल्या हॉलसमोर, तीन कॅमेऱ्यांसमोर,
मला ती चूक पुन्हा करायची होती.
बरोबर वाजवलं असतं तर खोटं दिसलं असतं.
मी बोट पुढं नेलं, मुद्दाम, अगदी वेळेवर,
आणि वरच्या स्पीकरमधून
तो आला.
छन्न.
जोवेलच्या काठ्या हवेत. झांज हललीही नव्हती.
आल्सिदिसनं मला झाकलं,
दुसऱ्यांदा, पैसे न घेता.

टाळ्या. हातात काचेची एक लाट आली,
पावणेदोन किलो, तळाला किमतीचं स्टिकर.
जेनोव्हेवा रडली, कार्यक्रमात रडतात तेवढंच.
रात्री रायबंदरच्या धक्क्यावर मिनिन उतरला,
दिवाडीच्या फेरीसाठी, ट्रंपेट काखेत,
शब्द न बोलता.
मागच्या सीटवरून जोवेल म्हणाला,
"अंकल, तो मधला फटका कसला?
नोटेशनमध्ये नाही."
मी म्हटलं, छापताना राहिला असेल.

शनिवारी लोटलीला लग्न होतं.
वायर जोडलेली, अॅम्प्लिफायर गुरगुरत होता.
सतराव्या बारात मी मुद्दाम चुकलो.
जोवेल नवरीच्या धाकट्या बहिणीकडे बघत होता.
चूक गेली तशीच, उघडी,
नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून, सोरपोतेलच्या टोपावरून,
दारातून बाहेर, जिथे गाड्यांचे ड्रायव्हर
बॉनेटवर पत्ते खेळत होते.
त्यांतल्या एकानं मान वर केली,
थोडा थांबला,
मग पान टाकलं.