माया

मे महिन्यात फणस पडला बॉनेटवर.
गाडी साईशची, हप्ते साईशचे, साईश बोटीवर.
चावी माझ्याकडे, आणि मला चालवता येत नाही.
म्हणून शेड. चार खांब, वर पत्रे, झालं,
असं मला वाटलं होतं.

बोरीच्या फ्लावियाने कागद पाठवला.
मशीनच्या फळीवर पसरला, कोपऱ्यांवर
कात्री, खडू, बॉबिनचा डबा, चहाचा कप.
बत्तीस वर्षं शिरोड्यात ब्लाऊज बेतते मी,
कागदाला घाबरत नाही.
पण हा कागद मापं सांगत होता
आणि अंगच दाखवत नव्हता.

एफ वन. बाराशे बाय बाराशे.
शून्यावर तिरकी रेघ, पुढे दहा: सळईची जाडी.
ॲट दीडशे, सी बाय सी:
एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत,
काजं आखतो तसं.
इथवर माझं मला लागलं.

सेक्शन ए-ए. दोन बाण
एकाच दिशेला तोंड करून उभे.
इथून कापलंय असं समजायचं,
जिथे कुणी कधीच कापणार नाही.

जाळी तळाला का? फोन लावला.
ओझं तर वरून येतं ना?
फ्लाविया म्हणाली, खांब खाली रेटतो, माती वर रेटते,
कडा वर वळायला बघतात,
फाटेल ते खालून फाटेल.
मला कुंकळ्येकरांच्या शालनची पाठ आठवली,
भर मांडवात वाकून नमस्कार केला तेव्हाची.
जिथे ताण तिथे दुहेरी टीप. कळलं.

आणि हे कव्हर पन्नास?
सळईच्या बाहेर, चहूबाजूंनी, पन्नास मिलिमीटर
नुसतं काँक्रीट. तिथे दुसरं काहीच नाही.
अगो, मग ती माया!
शिवणीच्या आत सोडतो ती,
कुणाला दिसत नाही,
बाई चार वर्षांनी परत येते तेव्हा उपयोगी पडते.
फ्लाविया हसली. हांव कव्हर म्हण्टां, तूं माया म्हण.

शरणप्पाने खड्डे काढले.
तिन्हींत जांभा, पहार टण् टण् वाजली.
चौथ्यात, विहिरीकडच्या, पहार गपचूप आत गेली.
तिथे माड होता. वीज पडली त्याच्यावर,
मग मूळ काढून आम्हीच सोडणं भरली, वर माती लोटली,
आणि विसरलो.
कागदावर चारही सारखेच: एफ वन, एफ वन, एफ वन, एफ वन.
कागदाला माड माहीत नव्हता.
फ्लाविया स्कूटरवरून आली, चप्पल काढून खड्ड्यात उतरली,
म्हणाली, वाजेपर्यंत खाली जा.

ते चार दिवस चाललं. तोवर मी
साबणाच्या जुन्या डब्यांत सिमेंटचे ठोकळे ओतले,
दोन इंची, आणि घंगाळात भिजत ठेवले.
शरणप्पा जाळी थेट खाली टेकवत होता.
काय होत नाय बाई, इतकी घरं बांधली.
मी गळ्यातली टेप काढून सळईखाली धरली.
त्याने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि जाळी उचलली.

एकच विचारायचं राहिलं होतं.
पत्रे एवढे हलके, दोन माणसं उचलतात.
त्यांच्यासाठी जमिनीत एवढं सगळं?
फ्लाविया हेल्मेट घालत होती.
बुडू नये म्हणून नव्हे गो, म्हणाली,
उडू नये म्हणून.

आता वर लाल माती, त्यावर फरशी, कुठे काही दिसत नाही.
सकाळी पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची असते,
बॅटरीसाठी. तेवढं जमतं.
स्टिअरिंगवर हात ठेवून बसते.
जुलैतला वारा नदीकडून येतो, पत्र्यांना खालून धरतो,
ओढतो, सोडतो, परत ओढतो.
खाली चौघे धरून आहेत.
चौथा जरा जास्त खोल.